जेवणाच्या टेबलावरचं हस्तकलेचं दुकान: ट्रॉली, कॅलेंडर, वजनकाटा आणि लेबल प्रिंटर

घरातून हस्तकलेचं दुकान चालवताना वेळ सलग मिळत नाही. बाळाची झोप, शाळा सुटेपर्यंतचा अवकाश, रात्रीची आवराआवर झाल्यावरचा तास असे तुकडे मिळतात. चाळीस मिनिटांचा तुकडा मिळाला, त्यात दहा मिनिटं सामान काढायला आणि दहा आवरायला गेली, की कामाला वीसच उरतात. म्हणून इथे चारही गोष्टी एकाच कसोटीवर पाहिल्या आहेत: काम अर्धं असताना ते दोन मिनिटांत बाजूला ठेवता येतं का, आणि दुसऱ्या दिवशी सोडलं तिथूनच धरता येतं का?

तीन कप्प्यांची चाकांची लोखंडी ट्रॉली या कसोटीवर सर्वांत वर येते. टेबल जेवणासाठी मोकळं करायचं असेल तर दुकान सरळ ढकलून भिंतीशी लावायचं. मात्र विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कप्प्याचं आतलं माप. ए४ कागद २१० × २९७ मिमीचा असतो. तो मावेल असा उथळ ट्रे कप्प्यात सपाट बसला पाहिजे. तिरका बसला तर मणी एका कोपऱ्यात जमतात आणि वरचा ट्रे घसरतो. दुसरी, चाकं. अगदी लहान चाकं उंबऱ्यावर आणि सतरंजीच्या कडेला अडतात, ट्रॉली पुढे झुकते आणि वरच्या कप्प्यातलं सगळं जमिनीवर येतं. तिसरी, तळ. जाळीच्या तळातून बारीक मणी आणि बटणं गळतात. जाळीचीच घ्यायची असेल तर प्रत्येक कप्प्यात जाड फेल्टचा तुकडा मापात कापून घालावा. फेल्टवर मणी घरंगळत नाहीत, हा त्याचा आणखी एक फायदा.

जोडणी करताना बहुतेकांची एकच चूक होते: एक बोल्ट पूर्ण आवळून मगच दुसरा लावायचा. त्यामुळे सांगाडा किंचित पिळला जातो आणि तीनच चाकं जमिनीला टेकतात. सगळे बोल्ट अर्धे फिरवून ठेवावेत, ट्रॉली सपाट फरशीवर उभी करावी, वरून हलका दाब द्यावा आणि मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. चाकांच्या थरथरीने बोल्ट सैल होतात, म्हणून आठवड्याने एकदा आणि पुढे महिन्यातून एकदा ॲलन की (बोल्ट आवळायची षटकोनी किल्ली) फिरवावी. जोर लावून आवळू नये. पातळ पत्र्यातले आटे गेले की तो कप्पा कायमचा डगमगतो. ब्रेक बहुधा दोनच चाकांना असतात, ती चाकं कर्णरेषेत समोरासमोर लावली तर ट्रॉली जागची फिरत नाही. विणकाम-भरतकाम करणाऱ्यांच्या चाकांच्या आसात धागे आणि केस हमखास गुंडाळले जातात. चाक जड फिरायला लागलं की सीम रिपरने (शिवण उसवायच्या हत्याराने) ते कापून काढावेत. तेल घातलं तर धूळ आणखी धरते.

जड सामान खालच्या कप्प्यात, हे कुणालाही सुचतं. धारदार सामानाचं मात्र हवं तितकं बोललं जात नाही. अशा ट्रॉलीचा वरचा कप्पा जमिनीपासून साधारण ७५ ते ८० सेंमीवर असतो. तीन वर्षांच्या मुलाचा हात तिथे सहज पोचतो. कटर, कात्री, सुया, गरम गोंदाची बंदूक आणि सॉल्व्हेंट ट्रॉलीवर ठेवूच नयेत. त्यांचा झाकणाचा, कडी लागणारा डबा उंच कपाटात हवा. गोंदाची बंदूक बंद केल्यावरही तिचं नाक बराच वेळ भाजण्याइतकं गरम असतं, म्हणून आवरायच्या पंधरा मिनिटं आधी तिची पिन काढायची आणि ती पूर्ण गार होईपर्यंत उंच ठिकाणी उभी ठेवायची. मण्यांसाठी एक माप लक्षात ठेवावं: तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले बारीक भाग तपासायला ३१.७ मिमी व्यासाची नळी वापरतात, आणि तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू गुदमरण्याच्या दृष्टीने धोक्याची मानतात. हस्तकलेतले जवळपास सगळे मणी, बटणं आणि बाहुल्यांचे डोळे त्यात मावतात. रांगणारं मूल घरात असेल तर उघड्या वाट्या नकोत, फिरकीच्या झाकणाच्या बरण्याच हव्यात.

ट्रॉलीचा खरा उपयोग एका सवयीने होतो. एका ऑर्डरला एक ट्रे, आणि ट्रेमध्ये एक चिठ्ठी. चिठ्ठीवर चार गोष्टी: पाठवायची तारीख, कुठवर आलं, पुढची पायरी, आणि जुळवायला लागणारा नंबर. क्रोशे असेल तर ओळ क्रमांक आणि सुईचा मिमीतला आकार. लोकर असेल तर शेडबरोबर लॉट नंबरही (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक), कारण एकाच शेडच्या दोन लॉटमध्ये रंगाचा फरक पडतो आणि तो दिवसाच्या उजेडातच दिसतो. चिठ्ठी उठताना लिहायची. नंतर लिहू म्हटलं की ‘३४वी ओळ की ३५वी’ यावर पाच मिनिटं जातात, कधी विणलेलं उसवावंही लागतं.

आता गूगल कॅलेंडर. मोफत आहे, फोनवर चालतं, नेट नसतानाही नोंदी दिसतात. घर आणि दुकान यांची वेगळी कॅलेंडरं करून दोन्ही एकाच पडद्यावर, दोन रंगांत पाहता येतात, आणि दुकानाचं कॅलेंडर घरातल्या माणसाबरोबर वाटून घेता येतं. इथपर्यंत उत्तम. पण घरी वापरताना दोन गोष्टी हमखास फसवतात.

पहिली: दिवसभराची नोंद केली की कॅलेंडर ती आपोआप ‘मोकळा’ म्हणून धरतं. ‘शनिवारी प्रदर्शन’ अशी दिवसभराची नोंद केली आणि जोडीदाराला फक्त मोकळा-व्यस्त एवढंच दिसण्याची परवानगी असेल, तर त्याला शनिवार रिकामा दिसतो आणि तो पाहुण्यांना होकार देऊन बसतो. नोंद उघडून ती ‘व्यस्त’ करावी, किंवा सगळा तपशील दिसण्याची परवानगी द्यावी. घरात दुसरा पर्याय बरा. दुसरी: वाटून घेतलेल्या कॅलेंडरातल्या नोंदीला तुम्ही लावलेली आठवण तुमच्याच फोनवर वाजते. ‘साडेचारला मुलीला आणायचं’ हे समोरच्याच्या फोनवर वाजायला हवं असेल तर त्याने आपल्या फोनवर त्या कॅलेंडरची सूचना लावून घ्यावी, किंवा त्या नोंदीत त्याला पाहुणा म्हणून जोडावं. हे माहीत नसल्याने ‘मी टाकलं होतं की कॅलेंडरात’ अशी भांडणं होतात, आणि त्यात दोघांचंही म्हणणं खरं असतं.

दुकानाची नोंद उलट्या क्रमाने करावी. आधी पाठवायची तारीख, तिच्या आधी एक पूर्ण राखीव दिवस, त्याआधी पॅकिंग, त्याआधी वाळण्याचा काळ, आणि सर्वांत शेवटी कामाला बसण्याचे तास. मुलाला ताप येतो, शाळा अचानक बंद राहते; राखीव दिवस त्यासाठीच असतो, तो नव्या ऑर्डरला द्यायचा नाही. वाळण्याच्या काळाला वेगळा रंग हवा. हवेत वाळणाऱ्या मातीला जाडीनुसार एक ते तीन दिवस लागतात, इपॉक्सी रेझिन हाताळण्याजोगं व्हायला साधारण २४ तास आणि पूर्ण पक्कं व्हायला बऱ्याचदा ७२ तास, थंड पद्धतीच्या (न शिजवता केलेल्या) साबणाला चार ते सहा आठवडे. पाकिटावरचा आकडा वेगळा असेल तर तोच धरावा. या काळात तुमचे हात मोकळे असले तरी एक फळी अडलेली असते आणि तिला कुणी धक्का लावायचा नसतो, हे घरच्यांना कॅलेंडरातून कळतं.

कॅलेंडर कमी पडतं ते अंदाजाच्या बाबतीत. तास कुठे बसवायचे ते दिसतं, पण एका वस्तूला किती तास लागतात हे ते सांगत नाही. त्यासाठी एकाच प्रकारच्या पाच वस्तूंचा वेळ पॅकिंग आणि ग्राहकाशी बोलण्यासकट मोजावा, आणि सर्वांत जास्त लागलेला वेळ धरावा. सरासरी धरली तर वाईट आठवडा नेहमीच रात्रीच्या झोपेतून वसूल होतो.

वजनकाट्याचं थोडक्यात. पार्सलसाठी ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमने मोजणारा काटा पुरतो. रेझिन किंवा रंगद्रव्यासाठी ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा वेगळाच हवा. त्यावर पार्सल ठेवलं तर आतला लोडसेल (वजन मोजणारा भाग) वाकू शकतो आणि मग काटा पुन्हा खरं सांगत नाही. मोठ्या खोक्याखाली आकडा झाकला जात असेल तर काट्यावर वाटी पालथी घालावी, शून्य करावं आणि तिच्यावर खोकं ठेवावं. काट्याची परीक्षा घरीच होते: रिकामं भांडं ठेवून शून्य करा, त्यात एक लिटर पाणी मोजून ओता, आकडा १ किलोच्या आसपास यायला हवा. कुरिअरचे पैसे मात्र नुसत्या वजनावर ठरत नाहीत. अनेक सेवा लांबी, रुंदी आणि उंची सेंमीत गुणून ५०००ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर तेच धरतात. ३० × २५ × २० सेंमीच्या खोक्याचं असं वजन ३ किलो होतं, आत ६०० ग्रॅमची शाल असली तरी. आपल्या सेवेचा भाजक आधी विचारून घ्यावा आणि त्यानुसार खोक्यांची दोन-तीन मापं कायमची ठरवावीत.

काट्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्या पोटात असते. अनेक छोटे काटे सीआर२०३२ या २० मिमी व्यासाच्या बटणसेलवर चालतात. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून वीज वाहून दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, सेल जुना असला तरीही. अशी नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावं. ज्याचं झाकण नखाने उघडतं तो काटा लहान मुलांच्या घरात आणूच नये. ट्रिपल-ए सेलवर चालणारा, किंवा स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाचा घ्यावा.

लेबल प्रिंटर म्हणजे १०० × १५० मिमीची चिकट लेबलं काढणारा थर्मल प्रिंटर. यात शाई नसते. कागदावरच्या लेपाला प्रिंटरच्या छपाई करणाऱ्या डोक्यातल्या तापलेल्या ठिपक्यांचा स्पर्श झाला की तो काळा पडतो. शाईच्या प्रिंटरची नोझल पंधरा दिवस न वापरल्यास सुकू शकते आणि नेमकी पाठवायच्या दिवशी रेघा येतात. इथे महिनाभर बंद ठेवूनही पहिलं लेबल स्वच्छ येतं. तुकड्यातुकड्यांत काम करणाऱ्यासाठी हा गुण फार मोठा. आठवड्याला दोन-तीनच पार्सलं असतील तर साधा कागद आणि चिकटपट्टी चालेल. रोज दोन-तीन जायला लागली की प्रिंटर घ्यावा.

२०३ डीपीआय, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके, पत्ता आणि बारकोडला पुरेसे आहेत. कानातल्यांच्या पट्ट्यांवर बारीक अक्षरं हवी असतील तरच ३०० डीपीआय पाहावा. फक्त ब्लूटूथवर आणि फक्त बनवणाऱ्याच्याच ॲपवर चालणारा घेऊ नये. यूएसबीचा पर्याय असावा. रोलच्या मधल्या नळीचा व्यासही पाहावा, २५ मिमीच्या दांड्याच्या प्रिंटरात ७६ मिमीच्या नळीचा मोठा रोल बसत नाही.

बिघाड ठरावीक असतात. लेबल कोरं आलं तर बहुधा रोल उलटा आहे: नखाने कागदावर जोरात रेघ ओढा, ज्या बाजूला काळी उमटते ती डोक्याकडे हवी. छपाई दर लेबलाला थोडी सरकत गेली तर दोन लेबलांमधली फट सेन्सरला सापडत नाही आहे. बहुतेक यंत्रांत फीडचं बटण दाबून धरलं की ते दोन-तीन लेबलं सोडून माप पुन्हा घेतं. उभी पांढरी रेघ म्हणजे डोक्यावर डिंक किंवा धूळ. यंत्र बंद करून गार होऊ द्यावं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा एकाच दिशेने फिरवावा, वाळल्यावर सुरू करावं. तरीही रेघ त्याच जागी राहिली तर ठिपका जळालेला आहे. बारकोड वाचला जात नसेल तर छपाईच्या सेटिंगमध्ये ‘पानात बसवा’ चालू राहिलं असण्याची शक्यता मोठी; आकार १००% ठेवावा. बारकोड खोक्याच्या कडेवर दुमडू नये, आणि त्यावर चकचकीत चिकटपट्टी लावू नये. तिची चमक स्कॅनरला अडवते, आणि काही पट्ट्यांच्या डिंकाने छपाईही फिकी पडते.

ऊन, उष्णता, तेल आणि सॅनिटायझर यांनीही ही छपाई जाते. त्यामुळे धुण्याच्या सूचना किंवा घटकांची यादी अशा, वर्षभर टिकायला हव्या त्या पट्ट्यांसाठी हा प्रिंटर चुकीचा. तिथे रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर लागतो. लेपातल्या रसायनाचंही पाहावं. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात बिस्फेनॉल-ए (बीपीए, आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन) वजनाच्या ०.०२% पेक्षा कमी असण्याचं बंधन घातलं. पण ‘बीपीए नाही’ लिहिलेल्या कागदात त्याचा भाऊबंद बीपीएस असू शकतो, म्हणून फिनॉलमुक्त (या जातीचं कुठलंच रसायन नसलेला) असं लिहिलेला रोल शोधावा. लेबलांच्या सुट्या पट्ट्या मुलांना चित्र काढायला देऊ नयेत. उरलेला रोल ट्रॉलीच्या मधल्या कप्प्यात, बंद पिशवीत, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावा.