काळ्या पट्टीला भुलू नका: फ्रेटलेस बेसच्या लाकडात झालेली फसवणूक

हाताने बेस गिटार घडवणाऱ्या सगळ्यांना सावध करण्यासाठी हे लिहितोय. ‘वाद्यांसाठी खास, जुनं मुरलेलं आबनूस’ म्हणून मला चक्क रंगवलेलं लाकूड विकलं गेलं.

फ्रेटलेस बेसचा सगळा जीव फिंगरबोर्डात, म्हणजे दांडीवरच्या ज्या लाकडी पट्टीवर बोटांनी तारा दाबतात तिच्यात असतो. साध्या बेसची तार फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर टेकते, इथे ती थेट लाकडावर दाबली जाते आणि लाकडावरच घासते. मींड, स्वराची लांबणारी आस, सगळं त्या सात-आठ मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर. फ्रेटलेस बेसचा नामवंत वादक जॅको पॅस्टोरियस याच्या 1962 च्या फेंडर जॅझ बेसची पट्टी रोझवुडची होती, तरी तिच्यावर इपॉक्सी या कडक होणाऱ्या चिकट राळेचा थर द्यावा लागला, कारण राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या, खरबरीत) तारा लाकूड खातात. म्हणून पट्टीत तडजोड चालत नाही.

माझी बॉडी फणसाची, कोकणातल्या एका जुन्या घराच्या तुळईतून निघालेली. वीणा आणि मृदंग फणसाच्या लाकडातून घडतात, मग बेस का नाही? नेक, म्हणजे दांडी, सागवान आणि शिसवीच्या पट्ट्या एकाआड एक चिकटवून केलेला, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 34 इंची. राहिला फिंगरबोर्ड.

ऑनलाइन भेटलेला विक्रेता बोलायला गोड. “टेंभुर्णीचा जुना गाभा आहे साहेब, पाण्यात टाकला तर बुडतो.” टेंभुर्णी हे आबनुसाच्याच कुळातलं झाड. व्हिडिओही पाठवला, काळा तुकडा बादलीच्या तळाशी. मापाला कापून, गोलाई काढून, पॉलिश करून देणार, म्हणजे माझं काम वाचणार. साडेसहा हजार रुपये एका वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले. बिल पार्सलसोबत येणार होतं, ते आलंच नाही.

या फसवणुकीची करामत नीट बघा. कच्च्या फळीच्या टोकांना मेण किंवा लाख लावतात हे खरं, कारण टोकं आधी वाळतात आणि तडकतात. पण वाळवून मापाला कापलेल्या पट्टीला त्याची गरज नसते. तरीही माझ्या पट्टीच्या दोन्ही टोकांना काळ्या लाखेचा जाड थर होता, कारण लाकडाचा आडवा छेद तिथेच दिसतो. गोलाई तयार असली की रंधा मारावा लागत नाही आणि रंग शाबूत राहतो. तो आत थोडा मुरवलेलाही होता. चिकटवण्याआधी खालची बाजू पॉलिश पेपरने घासली, तर भुसासुद्धा काळाच आला.

बेस वाजायला लागल्यावर ‘जी’ (G) सुराच्या तारेखाली तपकिरी रेघ उमटली. हवा कोरडी झाली तशा पट्टीच्या कडा नेकपासून सुटायला लागल्या, म्हणजे लाकूड आतून ओलंच होतं. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला, तो काळाकुट्ट झाला. पटाशीने टोकाची लाख खरवडली तेव्हा कडेला काळी किनार आणि आत बिस्किटी रंगाचं मऊ लाकूड. नखानेही ओरखडा उठत होता.

विक्रेता म्हणाला, “नैसर्गिक छटा आहे साहेब.” नंतर नंबर ब्लॉक. आबनुसात तपकिरी पट्टे असतात, हे खरंच आहे. टेलर गिटार्स या अमेरिकी गिटार कंपनीने 2011 मध्ये कॅमेरूनमधली आबनुसाची गिरणी भागीदारीत घेतली, तेव्हापासून ते पट्टेदार लाकूडही वापरण्याचा आग्रह धरतात. आबनूस रंगवून काळं करणारे कारागीरही आहेत, सांगून केलं तर त्यात गैर काही नाही. पण खरा पट्टा आरपार जातो, वरवरच्या कातडीसारखा नसतो.

घेण्याआधी पट्टीचं वजन विचारा. आबनुसाची घनता साधारण पाण्याइतकी किंवा जास्त. 70 सेंटिमीटर लांब, 7 रुंद आणि 8 मिलिमीटर जाड पट्टी 400 ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, गोलाई काढल्यावर थोडी कमी. माझी काढलेली पट्टी जेमतेम 240 भरली आणि पाण्यावर तरंगली. तो बुडणारा तुकडा दुसऱ्याच लाकडाचा होता. टोकं उघडी, बिनपॉलिशची पट्टी मागा. द्यायला खळखळ केली तर पैसे पाठवू नका.

इस्त्रीच्या उष्णतेने इपॉक्सी सैल करून मी पट्टी उचकटली. आता शिसवीची फळी वखारीत समोर उभं राहून कापून घेतली आहे, बिलासकट. सायबर फसवणुकीसाठी 1930 आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे अशी पट्टी आली असेल तर खोका, यूपीआयची नोंद आणि चॅट जपून ठेवा, तक्रार करताना हेच पुरावे लागतात.