रिमोट चावी बंद पडली: सेल, दुरुस्ती, प्रोग्रामिंग की थेट नवी चावी?

बटण दाबलं आणि गाडीने दादच दिली नाही, की पुढे चार वाटा असतात. सेल बदलायचा, आहे तीच चावी दुरुस्त करून घ्यायची, तिचं गाडीशी प्रोग्रामिंग पुन्हा करायचं (म्हणजे गाडीला तिची ओळख नव्याने करून द्यायची), नाहीतर नवी चावी बनवायची. पहिल्या वाटेला पाच मिनिटं आणि एक बटन सेल पुरतो. शेवटच्या वाटेला कागदपत्रं, वेळ आणि बराच पैसा लागतो. घाईत माणूस मधल्या दोन वाटा विसरतो आणि माझ्या मते पैसे वाया जातात ते तिथेच.

दोष चावीत आहे की गाडीत?

आधी दुसरी चावी आणून बघा. तीही चालत नसेल तर दोष गाडीकडे आहे असं धरून चाला, कारण दोन चाव्या एकदम बिघडणं दुर्मिळ. पहिला संशय गाडीच्या बॅटरीवर घ्यायचा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली की ती उतरली असं समजा. मग सेंट्रल लॉक अर्धवट हलतं किंवा अजिबात हलत नाही. बॅटरी ठणठणीत असेल तर फ्यूज बघा, आणि तोही ठीक असेल तर आजूबाजूचा रेडिओ गोंगाट. रिमोट चाव्या बऱ्याच देशांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये मुख्यतः ३१५ वर. बिनतारी डोअरबेल आणि हवामानाचे सेन्सरही ४३३ च्याच पट्ट्यात असतात. त्यातलं एखादं यंत्र बिघडून सतत सिग्नल सोडत राहिलं, तर आसपासच्या गाड्यांच्या चाव्या मुक्या होतात. गाडी थोडी लांब नेल्यावर चावी चालली, तर चावीवर एक पैसाही घालवू नका.

एकच चावी बंद असेल तर पुढचा प्रश्न: गाडी सुरू होते का? एकाच प्लास्टिकच्या केसमध्ये दोन वेगळ्या यंत्रणा बसलेल्या असतात. दार उघडणारा रिमोट सेलवर चालतो. इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चिपला मात्र सेल लागतच नाही. इग्निशनभोवती एक कॉइल असते. ती साधारण १२५ किलोहर्ट्झवर चिपला क्षणभर वीज पुरवते आणि चिप आपला कोड सांगते. बटणं मेली आहेत पण गाडी सुरू होतेय, याचा अर्थ महागडा भाग शाबूत आहे. अशा वेळी नवी चावी घेण्याचं काही कारण नाही. बटणं चालतात पण गाडी सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय, तर उलट: सेल बदलून काही होणार नाही, प्रकरण चिप किंवा प्रोग्रामिंगचं आहे.

पुश बटणाच्या गाडीत चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवून बघा. तेवढ्याने गाडी सुरू झाली तर सेल संपलाय असं समजा. दार उघडण्यासाठी चावीच्या पोटात लोखंडी पातं असतं आणि हँडलपाशी, बऱ्याचदा छोट्या झाकणाखाली, त्याचं भोक. अडकण्याआधी एकदा हे शोधून ठेवलेलं बरं.

चावी कशी बंद पडली हेही आठवा. दिवसेंदिवस गाडीच्या जवळ जावं लागत होतं, तर सेल. पडली किंवा भिजली आणि त्यानंतर बंद, तर आतलं सर्किट. चारपैकी एकच बटण चालत नाही, तर त्या बटणाखालचा स्विच. सेलला दोष देऊ नका. (टीव्हीच्या रिमोटसाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिवा बघण्याची युक्ती इथे उपयोगाची नाही. ती इन्फ्रारेडसाठी आहे. आजच्या चाव्या रेडिओ लहरींवर चालतात.)

सेल बदलणं

बहुतेक चाव्यांत सीआर२०३२ असतो, काहींत सीआर२०२५, सीआर१६२० किंवा सीआर२४५०. नंबरातच माप आहे: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०३२ च्या जागी २०२५ बसवला तरी व्होल्टेज तेच, ३ व्होल्ट. पण ०.७ मिलिमीटरची फट उरते आणि चावी मनाला येईल तेव्हा चालते. नवा सेल टाकूनही असं झालं की लोक चावीच गेली म्हणून मोकळे होतात. म्हणून जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच नवा घ्या आणि + ची बाजू कुठे होती ते काढण्याआधी बघून ठेवा.

मल्टिमीटरवर फार विसंबू नका. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, पण थकलेला सेलही नुसता मोजला तर ३ च्या जवळपास दाखवू शकतो. बटण दाबल्यावर रिमोट जो करंट ओढतो, त्या भाराखाली तो कोसळतो, आणि थंडीत जास्तच. खात्रीच्या ठिकाणचा ताजा सेल टाकून बघणं ही मीटरपेक्षा चांगली परीक्षा.

सेल बसवताना आतल्या पत्र्याच्या जिभेकडे बघा. वर्षानुवर्षं दाबून ती चपटी होते. प्लास्टिकच्या टोकाने हलकेच वर उचलली की काम होतं. काही सेलवर मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप असतो. तो पत्र्याच्या आड आला तर संपर्क नीट होत नाही. तसं वाटलं तर स्पर्शाची जागा स्पिरिटने पुसा किंवा दुसऱ्या कंपनीचा सेल लावून बघा. जुना सेल मात्र टेबलावर सोडू नका. लहान मुलाने गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो. तशी नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

एक अपवाद. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या चाव्यांत रिचार्ज होणारा सेल थेट बोर्डाला सोल्डर केलेला असतो आणि केस चिकटवून बंद केलेली. तिथे सेल बदलणं हेच दुरुस्तीचं काम होऊन बसतं.

आहे ती चावी दुरुस्त करणं

या वाटेचा विचार सगळ्यात कमी होतो, आणि मला तीच सगळ्यात जास्त सुचवावीशी वाटते. रिमोटच्या बोर्डावर बिघडण्यासारखं फार काही नसतं. बटणांचे स्विच झिजतात, सेल धरणाऱ्या पत्र्याचं सोल्डर तडकतं, वरचं रबर फाटतं. केस उघडून स्विच नखाने थेट दाबा. बारीक ‘टिक’ जाणवली आणि गाडीने साद दिली, तर बोर्ड चांगला आहे. रबर किंवा केस बदला. टिकच येत नसेल तर स्विच गेला. सेलचा पत्रा बोटाने दाबून धरल्यावरच चावी चालत असेल तर सोल्डर सुटलंय. ही तिन्ही कामं मोबाइल दुरुस्त करणाराही करू शकतो, आणि प्रोग्रामिंगला हातच लावावा लागत नाही, कारण बोर्ड तोच राहतो. नव्या चावीच्या तुलनेत हा या वाटेचा सगळ्यात मोठा फायदा.

भिजलेल्या चावीबाबत वेळ महत्त्वाचा. बटण दाबून बघण्याचा मोह आवरा, आधी सेल काढा. पाण्यात वीज खेळली की तांबं सडायला लागतं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुऊन पूर्ण सुकवला की बऱ्याच चाव्या परत चालतात. हिरवट-पांढरा थर खूप पसरला असेल तर आशा कमी.

केस बदलताना मात्र एक धोका आहे. पात्याच्या अनेक चाव्यांत इमोबिलायझरची चिप बोर्डावर नसते. काळा, नखाएवढा चौकोनी तुकडा किंवा बारीक काचनळी, केसच्या एखाद्या कोपऱ्यात दाबून किंवा चिकटवून बसवलेली असते. बोर्ड नव्या केसमध्ये गेला, जुनी केस कचऱ्यात गेली, दारं छान उघडतायत आणि गाडी सुरू होत नाही, अशी वेळ येते ती यामुळे. नव्या केसने गाडी सुरू होईपर्यंत जुनी फेकू नका.

प्रोग्रामिंग

प्रत्येक वेळी बटण दाबलं की चावी नवा कोड पाठवते आणि गाडी पुढच्या काही कोडपर्यंतचं ऐकते. मुलं खेळण्यासारखी चावी दाबत बसली तर चावीचा कोड गाडीच्या फार पुढे निघून जाऊ शकतो. कीलॉक या जुन्या, खूप वापरल्या गेलेल्या पद्धतीत १६ कोडपर्यंतचा फरक आपोआप चालतो; त्यापुढे गेलं तर लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. म्हणून गाडीशेजारी उभं राहून दोन-तीनदा दाबून बघा. काही गाड्यांत इग्निशन चालू करून बटण धरून ठेवण्याची कृती मॅन्युअलमध्येच दिलेली असते. तेवढ्याने भागलं तर पैसा लागत नाही. नाही भागलं तर गाडीच्या ओबीडी पोर्टला (गाडी तपासण्यासाठी दिलेल्या सॉकेटला) मशीन जोडून करावं लागतं.

कधी कधी चावी नुसती झोपलेली असते. टोयोटाच्या काही स्मार्ट चाव्यांत (म्हणजे खिशात ठेवूनच चालणाऱ्या, पुश बटणाच्या गाडीच्या चाव्यांत) लॉक बटण धरून अनलॉक दोनदा दाबलं की बॅटरी वाचवणारा मोड लागतो, आणि खिशात हे चुकून होऊ शकतं. कुठलंही बटण दाबलं की ती जागी होते. काही नव्या चाव्या हलल्या नाहीत की आपोआप झोपतात. हातात घेऊन हलवल्या की पुरे. आणि मोबाइलला चिकटून ठेवलेली स्मार्ट चावी गाडीला सापडेनाशी होते. दुसऱ्या खिशात ठेवून बघा.

नवी चावी करायचीच असेल

अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि चावीवाला यांत मी असा निवाडा करेन. गाडी जुनी, इग्निशनमध्ये चावी फिरवून सुरू होणारी, आणि एक चावी हातात आहे: चांगला चावीवाला. तो गाडीपाशी येतो, पातं कापतो, तिथेच प्रोग्राम करतो. त्याला एवढं मात्र विचारा की तो नवी चावी गाडीत नोंदवणार की आहे तिची नक्कल करणार. नक्कल केलेल्या चिपची ओळख मूळ चावीसारखीच असते, त्यामुळे पुढे त्यातली एक हरवली तर गाडीच्या मेमरीतून तेवढीच काढता येत नाही.

गाडी वॉरंटीत आहे, पुश बटणाची आहे, किंवा चावी हरवली वा चोरीला गेली आहे: सर्व्हिस सेंटर. मालकीची कागदपत्रं आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, थांबावंही लागतं. पण हरवलेली चावी मेमरीतून पुसून मिळते, आणि चोरीच्या भीतीवर तेच खरं औषध. जाताना घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा. बऱ्याच गाड्यांत प्रोग्रामिंग करताना जुनी यादी पुसली जाते आणि समोर नसलेली चावी त्यातून गळते.

वापरलेली चावी ऑनलाइन स्वस्त दिसते. मी तिच्या वाटेला जाणार नाही. अनेक स्मार्ट चाव्या पहिल्या गाडीशी कायमच्या बांधल्या जातात. शिवाय ३१५ ची चावी ४३३ च्या गाडीला चालत नाही, आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात.

चालणारी एक तरी चावी हातात असताना दुसरी करून घेणं नेहमीच सोपं. सगळ्या गेल्या की गाडीचा गुप्त सुरक्षा पिन मिळवावा लागतो, काही गाड्यांत इमोबिलायझरचं मॉड्यूलच उघडावं लागतं, आणि खर्च भलतीकडे जातो.

चावी ताब्यात घेताना तिथेच प्रत्येक बटण दाबून बघा, डिकीचंही. गाडी सुरू करा, जुन्या चावीनेही एकदा सुरू करा, आणि पातं दाराच्या भोकात घालून फिरवा. गाडीच्या मेमरीत आता किती चाव्या नोंदल्या आहेत, हे मशीनवर बघून सांगायला सांगा. तो आकडा तुमच्या हातातल्या चाव्यांपेक्षा जास्त निघाला, तर जादाच्या तिथल्या तिथे पुसून घ्या.