पासफ्रेज काढून टाकायचा, की एजंटकडे सोपवायचा?

गिटमध्ये दर पुल-पुशला (कोड सर्व्हरवरून आणताना-पाठवताना) पासफ्रेज, म्हणजे एसएसएच किल्लीच्या फाइलचा पासवर्ड, विचारला जात असेल तर आधी 'गिट रिमोट -व्ही' चालवा. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल, तर विचारणा किल्लीची नाहीच. तिथे पासवर्डऐवजी टोकन आणि ते लक्षात ठेवणारा क्रेडेन्शियल हेल्पर लागतो. खालचं सगळं एसएसएच पत्त्यांसाठी.

'एसएसएच-कीजेन -पी' देऊन नवा पासफ्रेज रिकामा सोडला की कटकट संपते. पण मग फाइल ज्याच्या हाती, त्याची किल्ली. जुळे सोलापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या लॅपटॉपवर हे नको. कॉलेज लॅबच्या सामायिक पीसीवर तर किल्लीच ठेवू नये.

एसएसएच-एजंट हा मागे चालत राहणारा प्रोग्राम उघडलेली किल्ली फक्त मेमरीत धरतो. 'एसएसएच-अ‍ॅड -टी 8एच' दिलं की आठ तासांनी ती आपोआप काढून टाकतो. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'अ‍ॅडकीजटूएजंट येस' लिहिलं, तर पहिल्या वापरालाच किल्ली आत जाते. त्याला ओपनएसएसएच 7.2 किंवा पुढची आवृत्ती हवी. गडबड होते ती एजंट सुरू करणारी ओळ बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना दरवेळी चालणाऱ्या फाइलीत) टाकल्यावर. दर टर्मिनलला नवा एजंट, किल्ली एकाकडे, विचारणा दुसऱ्याकडून. 'एसएसएच-अ‍ॅड -एल' चालवून पाहा: एजंट रिकामा असल्याचं कळलं तर किल्ली घालायची राहिली आहे, एजंटशी जोडणीच होत नसेल तर त्या टर्मिनलला एजंटचा सॉकेट (जोडणीची जागा) माहीत नाही.

यावर कीचेन ही छोटी स्क्रिप्ट चांगली. सगळ्या टर्मिनलांना एकच एजंट वापरायला लावते, लॉगआउटनंतरही तो टिकतो. सर्व्हर आणि डब्ल्यूएसएलसाठी (विंडोजमध्ये चालणाऱ्या लिनक्ससाठी) आमची पसंती हिलाच. वीज जाऊन यूपीएसविना डेस्कटॉप बंद पडला तर मात्र मेमरी रिकामी, पासफ्रेज पुन्हा एकदा टाकावाच लागतो.

तेवढंही नको असेल तर सिस्टिमचं कीरिंग, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारी तिजोरी. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये ते लॉगिन पासवर्डनेच उघडतं. ऑटो-लॉगिन चालू असेल तर उघडत नाही, आणि लोक दोष गिटला देतात! मॅकवर कॉन्फिगमध्ये 'यूजकीचेन येस' लिहा (ही मॅकची स्वतःची कीचेन, वरची स्क्रिप्ट नव्हे). विंडोजवर एजंटची सर्व्हिस मुळात बंद असते, ती ऑटोमॅटिक करा. तरीही विचारणा होत राहिली, तर गिट स्वतःसोबत आलेला एसएसएच वापरत असणार, 'कोअर.एसएसएचकमांड'मध्ये विंडोजच्या एसएसएचचा पत्ता द्या.

रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) चालणाऱ्या पुलला पासफ्रेज टाकायला कोणी नसतं. तिथे बिनपासफ्रेजची पण वेगळी, एकाच रिपॉझिटरीपुरती, फक्त वाचण्याचा अधिकार असलेली डिप्लॉय की द्या.