लोअर आर्मचा रिकॉल आणि त्यानंतरचे काही महिने

छोटी एसयूव्ही, पेट्रोल, मॅन्युअल. रोज मनीषनगर ते बुटीबोरी, सुटीच्या दिवशी काटोलला संत्र्याच्या बागेत, कधी समृद्धीवरून संभाजीनगर. इंजिनबद्दल तक्रार नाही. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतानाही एसी मागच्या सीटपर्यंत पुरतो, आणि नागपूरकराला गाडीकडून आणखी काय पाहिजे! मायलेज ठीकठाक.

मग कंपनीचा रिकॉलचा (म्हणजे दोषाच्या शंकेने विकलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचा) मेसेज आला: पुढच्या सस्पेंशनचा लोअर आर्म 'खबरदारी म्हणून' तपासायचा आहे, सर्व्हिस सेंटरला संपर्क करा. तोवर गाडी चालवायची की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. फोन केला तर सल्लागार म्हणाला, "सर, बिनधास्त चालवा, फक्त प्रिकॉशन आहे. पार्ट आले की कळवतो."

घराजवळच्या मेकॅनिकने मात्र गाडी लिफ्टवर घेऊन नीट समजावलं. गाडीचं वजन स्प्रिंग आणि शॉकअपवर असतं. लोअर आर्म चाकाला खालून जागेवर धरून ठेवतो. त्याच्या टोकाला बॉल जॉइंट. "हा सुटला ना भाऊ, तर चाक बाहेर फाकते आन् स्टेअरिंग कामाचं राहत नाही. बुश (रबराचा सांधा) गेला तर खडखड येते, टायर एका बाजूनं घासते, तेव्हा कळते तरी. पण आर्मच्या लोखंडात चीर असली तर आवाज येईलच असं नाही." म्हणजे 'आवाज येत नाही ना, मग चालवा' या सल्ल्याला फारसा अर्थ नव्हता. पार्ट येईपर्यंत मी समृद्धी बंद केली आणि गावातही हळू चालवली. आपल्याकडे सिमेंट रोडवरून बाजूच्या पेव्हर ब्लॉकवर उतरताना जो दणका बसतो, तो थेट याच भागाला लागतो.

प्रत्यक्ष काम चांगलं झालं, हे कबूल. दोन्ही बाजूंचे आर्म बदलले, सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी हातात, पैसे शून्य. वाद झाला तो अलाइनमेंटवरून. आर्म बदलला की चाकांचा कोन हलतो, त्यामुळे अलाइनमेंट त्याच कामाचा भाग. तरी बिलात ते वेगळं लावलं होतं, बोलल्यावर काढलं. जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर) 'तपासणी' एवढंच होतं, तिथे 'दोन्ही लोअर आर्म बदलले' असं लिहून घेतलं. उद्या गाडी विकताना हाच कागद लागेल.

आता काही महिने झाले. चालवताना फरक म्हणाल तर काहीच नाही, आणि तसंच असायला हवं. टायर सारखे झिजताहेत, ब्रेक मारला तरी गाडी एका बाजूला ओढत नाही.

रिकॉल निघाला म्हणून गाडी भंगार, असं मला वाटत नाही. 2013 मध्ये फोर्डने फिगो आणि क्लासिकच्या सुमारे 1.66 लाख गाड्या ट्विस्ट बीमसाठी (मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा) आणि पॉवर स्टेअरिंगच्या होजसाठी (नळीसाठी) परत बोलावल्या होत्या, तरी फिगो पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर दिसत राहिली. तेव्हा आपल्याकडे वाहन उत्पादकांची 2012 ची ऐच्छिक संहिताच होती. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं, 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले, आणि आता सरकार रिकॉलची सक्ती करू शकतं. माझा राग आहे तो 'खबरदारी' या गुळगुळीत शब्दावर. दोष काय, वेग किती ठेवायचा, लांबचा प्रवास करायचा की नाही, एवढं सांगायला तीन ओळी पुरतात.

सेकंडहँड गाडीवाल्यांसाठी एक. माझ्या साळ्याने कामठीत हेच मॉडेल जुनं घेतलं. त्याला मेसेज आलाच नाही, कारण नोंद पहिल्या मालकाच्या नंबरवर. कंपनीच्या साइटवर 17 अक्षरी चेसिस नंबर टाकला तर रिकॉल बाकी दिसला. चेसिस नंबर आरसीवर असतोच. त्याचे पार्ट अजून यायचे आहेत. तोवर गाडी कामठी रोडच्या पलीकडे नेऊ नको म्हणून त्याला आणि त्याच्या बहिणीलाही, म्हणजे माझ्या बायकोला, सांगून ठेवलंय.