कार्डांच्या दुकानाची ऑनलाइन यादी: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

दादरला आमचा ट्रेडिंग कार्डांचा, म्हणजे जमवायच्या आणि खेळायच्या कार्डांचा, छोटा गाळा आहे. पोकेमॉन सगळ्यात जास्त, खालोखाल मॅजिक, थोडं यु-गि-ओ. सीलबंद पाकिटांचा त्रास नाही, ती फळीवर दिसतात. डोकेदुखी सुट्या कार्डांची. "दादा, गेंगार आहे का?" असा मेसेज आला की खोके उपसायचे, आणि तोवर समोरचं गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. म्हणून साठा ऑनलाइन टाकला, नावाने शोधता येईल असा. आता उन्हाळा, पावसाळा, दिवाळीची गर्दी असं सगळं बघून झालंय, तेव्हा लिहितो.

सुरुवातीला महिन्याच्या भाड्याचं एक तयार पॅकेज घेतलं होतं. ते बनलेलं कपड्यांच्या दुकानासाठी. साइझ विचारतं, रंग विचारतं, आणि फोटो टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. दहा रुपयांच्या कार्डाचा फोटो कोण काढत बसणार? ते सोडलं. आता साठा साध्या स्प्रेडशीटमध्ये भरतो, रात्री त्यातून एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइल तयार होते आणि शोधाचं पान त्या फाइलवर चालतं. भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याची करामत. एसक्यूलाइट फुकट आहे आणि अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो, त्यामुळे बॅकअप म्हणजे फाइल कॉपी करणं, बस्स.

खरं काम कार्डाची ओळख ठरवण्यात आहे. नावावर भिस्त ठेवून चालत नाही, पिकाचू किती निघालेत त्याला गणतीच नाही. सेट (कार्ड ज्या मालिकेत निघालं ती) आणि खालच्या कोपऱ्यातला नंबर, ही जोडी धरायची. २०२३ पासूनच्या इंग्रजी पोकेमॉन कार्डांवर सेटचा कोड अक्षरांत छापलेला असतो, ते सोपं. त्याआधीच्यांवर नुसतं बारीक चिन्ह, म्हणून काउंटरच्या काचेखाली चिन्हांचा तक्ता लावलाय. पण जोडीनेही भागत नाही. १९९९ च्या बेस सेटमधला चारिझार्ड ४/१०२. तोच नंबर फर्स्ट एडिशनवर (पहिली छपाई), तोच शॅडोलेसवर (चित्राच्या चौकटीला सावली नसलेली छपाई), तोच नंतरच्या साध्या छपाईवर, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. रिव्हर्स होलोचंही (चित्र सोडून बाकीचं कार्ड चमकतं ते) तसंच. त्यामुळे 'छपाई' असा वेगळा रकाना हवाच. भाषेचाही हवा, कारण जपानी सेटांचे कोड आणि नंबर वेगळे.

नंबरचा रकाना आधीच 'साधा मजकूर' करून ठेवा, हे ठळक अक्षरांत सांगतो. जंगल सेटमधला स्नॉरलॅक्स आहे ११/६४. स्प्रेडशीटला ती तारीख वाटते, आणि यादीत दिसतं नोव्हेंबर १९६४. पोकेमॉनची कार्डं जपानात निघाली १९९६ ला! आणखी एक, १९९/१६५ असा नंबर दिसला तर टायपिंगची चूक समजून दुरुस्त करू नका. सेटच्या आकड्यापुढचे नंबर सीक्रेट, म्हणजे गणतीबाहेरच्या दुर्मिळ कार्डांचे असतात, आणि '१५१' सेटमधलं हे चारिझार्ड ईएक्स तर सगळ्यांना हवंच असतं.

मॅजिकच्या बाबतीत मात्र आराम आहे. स्क्रायफॉल नावाची वेबसाइट मॅजिकच्या सगळ्या कार्डांची माहिती फुकट देते, एकगठ्ठा उतरवून घेता येते. सेट आणि नंबर टाकला की नाव, रंग, रॅरिटी (दुर्मिळपणा) आपोआप भरली जाते.

शोध कसा चालतो? पोरं स्पेलिंग मनाला येईल तसं करतात, म्हणून तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून शोधणारी सोय लावली. 'चरिझर्ड' असं अर्धवट लिहिलं तरी बरोबर कार्ड वर येतं. पण तीनपेक्षा कमी अक्षरं टाकली की ती काहीच दाखवत नाही, आणि पोकेमॉनमध्ये नुसतं 'एन' नावाचं एक कार्ड आहे, २०११ च्या नोबल व्हिक्टरीज सेटमधलं. ते असून नसल्यासारखं. त्याच्यासाठी टोपणनावांचा रकाना केला आणि दोन अक्षरांपर्यंत सरळ जुळणी ठेवली. निडोरानच्या नावातली नर-मादीची खूणही कुणी टाइप करत नाही, तीही तिथेच सांभाळली.

सगळ्यात उपयोगी रकाना गिऱ्हाइकाला दिसतच नाही: खोका आणि कप्पा. 'ख ३, मागचा भाग' एवढं वाचलं की दुकानातला पोरगा कार्ड काढून देतो, त्याला पोकेमॉनमधलं ओ की ठो कळत नसलं तरी. नुसती नावांची यादी करून थांबणार असाल तर करूच नका, खोके उपसणं काही सुटत नाही.

आता पावसाळा. परदेशी सल्ल्यांत हे कुणी सांगत नाही. मे महिन्यात 'नियर मिंट' (जवळपास नव्यासारखं) लिहिलेलं फॉइल, म्हणजे चमकीचं कार्ड जुलैत बाक काढून बसतं, कारण कागद ओल शोषतो आणि वरचा चमकीचा थर शोषत नाही. सिलिका जेलच्या पुड्या, हवाबंद डबे, सगळं करूनही काही वाकतातच. म्हणून कंडिशनशेजारी 'केव्हा तपासलं' तो रकाना वाढवला. जून ते सप्टेंबर महागडी फॉइलं पाठवण्याआधी पुन्हा बघतो आणि उजेडात तिरका फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवतो. कुरकुर बरीच कमी झाली. फोटो फक्त अशा कार्डांचे, बल्कचे (स्वस्तातल्या ढिगाचे) नाहीत.

ऑनलाइन पैसे भरायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. बहुतेक कार्डं एकेकच असतात. शनिवारी संध्याकाळी काउंटरवर विकलेलं कार्ड यादीतून लगेच उतरेलच असं नाही, आणि पैसे घेऊन परत करण्यासारखा वैताग नाही. पानावर 'विचारा' असं बटण आहे, ते व्हॉट्सॲप उघडतं. आम्ही कार्ड हातात घेतो, मग यूपीआय. थोडं जुनाट वाटेल, पण भांडण होत नाही.

भाव मात्र अजून हातानेच बदलतो. परदेशी भावाला डॉलरच्या दराने गुणून आपल्याकडचा भाव निघत नाही, त्यामुळे ते आपोआप करायच्या फंदात पडलो नाही. दर सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा महागड्या कार्डांची फेरी मारतो, बाकीच्यांना ठरावीक पायऱ्या आहेत: दहा, वीस, पन्नास. आता भाच्याच्या मागे लागलोय ते गिऱ्हाइकांच्या 'हवं आहे' यादीसाठी, म्हणजे खोक्यात नवं कार्ड नोंदलं की ज्याला हवंय त्याचं नाव समोर यावं. त्याची परीक्षा संपली की बघू म्हणतोय.