28 पाउंडाच्या धनुष्याला शिकारीचे एरो घेतले, त्याचा हा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी काही तिरंदाज नाही. परभणीत खताबियाण्याचं दुकान हाय माझं, पोरगी आठवीत हाय अन दीड वर्षापासून तिरंदाजी करती. तिचा धनुष्य 28 पाउंडाचा, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो. 2023 ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली ना, त्यानंतर आमच्या पोरीनं जे डोक्यात घेतलं ते घेतलंच. आता अदितीचा धनुष्य चाकांचा, म्हणजे कंपाउंड, अन आमच्या पोरीचा रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकांचा, टोकं पुढं वळलेला, ह्यात फरक असतो एवढं सुद्धा मला तेव्हा कळत नव्हतं. तिथूनच सगळा घोळ झाला.

झालं असं की तिला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं, क्लबचे एरो (बाण) किती दिवस वापरणार, स्वतःचे घ्या. मला विचारून घ्या असंही म्हणले होते पण मी कशाला ऐकतो. रात्री मोबाईलवर बसलो अन एका ऑनलाइन दुकानावर डझनभर कार्बन शाफ्ट, म्हणजे बाणाच्या दांड्या, दिसले, काळे कुळकुळीत, वर झाडाच्या पानांचं डिझाइन, हंटिंग म्हणून लिहिलेलं, मागं नॉक (दोरीत अडकवायची खाच) अन पिसं लावून आलेली, पुढचा इन्सर्ट (पॉइंट बसवायचा आतला तुकडा) अन पॉइंट (टोक) सुटा, म्हणजे आपल्या मापानं कापून चिटकवायचा. साडेतीन हजार. स्पाइन 400, हा आकडा कशाचा ते पुढं सांगतो. त्या विक्रेत्याला मेसेज करून विचारलं की पोरगी नवीन हाय, 28 पाउंडाचा धनुष्य हाय, चालतील का, तर उत्तर आलं, चालतील सर, एकदम स्ट्राँग शाफ्ट हाय. स्ट्राँग म्हणल्यावर मी खूश. आपल्याकडं पाईप असो का ताडपत्री, जाड अन टणक ते चांगलं, हाच हिशोब.

दुकानाचं नाव घेत नाही, पण रिव्ह्यूत एक स्टार दिला तो ह्या उत्तरासाठी, मालासाठी नाही. माल तसा बरा होता. आमच्या कामाचा नव्हता.

पहिल्याच दिवशी 18 मीटरवर पोरगी मारायली अन प्रत्येक एरो सुटताना धनुष्याला टक करून आवाज. सगळे डाव्या बाजूला. ती उजव्या हातानं ओढती. मी मागून, नीट धर, हात हालवू नको, चालूच. शेवटी ती वैतागून म्हणली, पप्पा तुम्ही जरा तिकडं झाडाखाली बसा. सर आले, एरो हातात घेतला, वाकवून बघितला, शाफ्टवरचा आकडा वाचला अन हसले. म्हणले, हे 60-65 पाउंडाच्या कंपाउंडचे हायत, ह्या पोरीच्या धनुष्यात हे वाकणारच नाहीत.

आता हे वाकणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. रिकर्व्हमध्ये बोटांनी दोरी सोडतात, त्यामुळं एरो सरळ निघतच नाही, निघताना माशासारखा लवलव करत धनुष्याला वळसा घालून जातो. लई टणक असला तर वळसा घालता येत नाही, धनुष्याला घासतो अन डावीकडं पळतो (उजव्या हातानं ओढणाऱ्याचं सांगायलो, डावखुऱ्याचं उलटं). लई लवचिक असला तर उजवीकडं. म्हणजे टणकपणा ज्याच्या त्याच्या धनुष्याच्या ताकदीप्रमाणं पाहिजे, अन हा टणकपणा मोजायचा आकडा म्हणजे स्पाइन. ह्यात गंमत अशी की आकडा जेवढा मोठा तेवढा शाफ्ट नरम. 400 टणक, 1000 नरम. माझ्यासारख्या माणसाला हे उलटंच वाटणार.

मला काही पटेना म्हणून दुकानात करून बघितलं. पद्धत अशी हाय की 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट आडवा ठेवायचा, मधोमध 880 ग्रॅम वजन टांगायचं अन किती खाली झुकतो ते मोजायचं, एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले जेवढे भाग झुकला तेवढी स्पाइन. मी दोन स्टुलं मांडली, पिशवीत सोयाबीनचं बी बरोबर 880 ग्रॅम तोललं अन दोऱ्यानं लटकवलं. माझा तो शिकारीचा शाफ्ट जेमतेम 1 सेंटिमीटर झुकला. सरांकडून न कापलेला अल्युमिनियमचा 1616 नंबरचा शाफ्ट आणला होता तो पावणेतीन सेंटिमीटर. गिऱ्हाईक बघत होतं, त्याला वाटलं मी येडा झालो.

विक्रेत्याला परत विचारलं तर म्हणला पुढं जड पॉइंट लावा, नरम होईल. खरं हाय, जड पॉइंटनं शाफ्ट जरा नरम वागतो, लांब ठेवला तरी नरम वागतो, पण ते बारीकसारीक फरकासाठी. 400 चा 1000 होत नसतो. अन मी त्याच्याही पुढं जाऊन तीन शाफ्ट 27 इंचावर कापून बसलो होतो, म्हणजे होते त्याहून टणक केले. ते पण वेल्डिंगवाल्याकडं हॅकसॉनं. हे कुणी करू नका. कार्बन हॅकसॉनं कापला की टोकाला केसासारखे तंतू उभे राहतात अन चिरा आत पळतात. वेगानं फिरणाऱ्या पातळ घासचाकानं कापावं लागतं, तोंडाला मास्क लावून, त्याची भुकटी छातीत जाणं चांगलं नाही.

चिरा कशा कळल्या ते सांगतो. घरी देवाच्या वातीचा कापूस असतो, त्यातला बोंडाएवढा घेतला अन शाफ्टवरून टोकापर्यंत हळूहळू ओढला. कापलेल्या टोकापासून दोन बोटं आत आल्यावर कापसाचा तंतू अडकला, नुसत्या डोळ्याला तिथं काहीच दिसत नव्हतं. मग दोन्ही हातांनी शाफ्ट थोडा वाकवून कानाशी धरला तर बारीक कर्रर्र. तिन्हीचं तेच. असला एरो मारताना फुटला तर कार्बनची कुसळं थेट हातात घुसतात, म्हणून ते तिन्ही मोडून टाकले. पोरीला आता सवय लावली, एरो दगडावर आपटला किंवा दुसऱ्या एरोवर बसला की आधी कापूस अन वाकवून बघणं, मगच परत दोरीवर. बायको म्हणती वाती कमी अन बाणच जास्त पुसायलेत तुम्ही.

मग सरांनी सांगितल्याप्रमाणं ईस्टनचे अल्युमिनियमचे 1616 घेतले, ह्या वेळी पुण्याच्या एका दुकानात फोन करून. त्या माणसानं आधी चार प्रश्न विचारले, धनुष्य रिकर्व्ह का कंपाउंड, पूर्ण ओढल्यावर किती पाउंड भरतो, ओढ किती इंच (म्हणजे पोरगी दोरी किती लांब ओढती), पोरीचं वय किती. किंमत सगळ्यात शेवटी सांगितली. इथंच मला कळलं की हा दुकानदार हाय अन तो आधीचा नुसता पार्सल पाठवणारा. 1616 म्हणजे जाडी इंचाचे 64 भाग केले तर त्यातले 16, म्हणजे पाव इंच, अन नळीची भिंत इंचाच्या हजारातले 16 भाग. आकड्यातच सगळं लिहिलेलं. वय कामून विचारलं तर पोरगी वाढायली, ओढ वाढणार, म्हणून शाफ्ट इंच-दीड इंच लांबच ठेवून दिले. कापून पुन्हा जोडता येत नाही.

सोनाराच्या काट्यावर बारा तयार एरो तोलले (मित्र हाय सराफ्यात, चहावर काम झालं). सगळे 21 ग्रॅमच्या आसपास अन एकमेकांत फरक दिसला तो ग्रॅमच्या दहाव्या हिस्स्यात. ते शिकारीचे तोलले तर 26 च्या घरात, अन एकात अन दुसऱ्यात पाव ग्रॅमपेक्षा जास्त फरक. 18 मीटरवर एवढ्यानं काही बिघडत नाही पण 70 मीटरवर वर-खाली दिसणार म्हणतात सर.

अल्युमिनियमचं वाईट काय तर वाकतं. एरो चुकून टार्गेटच्या लाकडी फ्रेमला बसला की गेला. वाकला का नाही हे बघायला अंगठ्याच्या अन बोटाच्या नखावर ठेवून गिरकी द्यायची, सरळ असला तर गुळगुळीत फिरतो, वाकला असला तर नखावर टरटर लागतो. सहा महिन्यात चार वाकले. अन दुसरं म्हणजे आपलं ऊन. मे महिन्यात एरोची ट्यूब गाडीत राहिली, परभणीचं 43 डिग्री, गाडीत किती असेल विचारू नका. पॉइंट ज्या गरम करून लावायच्या गोंदानं चिटकवलेले असतात तो मऊ झाला अन टार्गेटमधून एरो ओढला तर पॉइंट आतच. दोघांची पिसं पण सुटली. हा शाफ्टचा दोष म्हणता येणार नाही, पण आपल्या भागात घेणाऱ्यानं हे धरूनच चालावं.

परीक्षा घेतली ती बिनपिसाच्या एरोनं. दोन एरोची पिसं काढायची, 18 मीटरवर पिसाचे अन बिनपिसाचे मिसळून मारायचे, कुठं बसतात बघायचं. बिनपिसाचे पिसाच्या जवळच, किंचित उजवीकडं बसले, म्हणजे थोडे नरम, अन लांबी शिल्लक हाय म्हणल्यावर तसं असणारच. सर म्हणले उत्तम. पाच पैकी साडेचार स्टार, अर्धा त्या वाकण्याचा कापला.

आता शिकारीच्या शाफ्टची बाजू पण सांगतो, नाहीतर अन्याय होईल. ते वाईट नसतात, त्यांचं काम येगळं. अमेरिकेत लोक लायसन काढून कंपाउंडनं हरीण मारतात, तिथं 20-30 मीटरवर जड एरो आत घुसला पाहिजे, म्हणून शाफ्ट जड, भिंत जाड, अन पुढं पात्याचा पॉइंट. ते पातं पुढं पंखासारखं वारा धरतं, त्यामुळं इन्सर्ट जरा जरी तिरका बसला तरी एरो भलतीकडं जातो, म्हणून ते लोक सरळपणाला लई जपतात. टार्गेटवाल्याला लांब अंतर गाठायचं असतं, वाऱ्याला कमी धरायचा असतो, म्हणून बारीक अन हलका. ऑलिम्पिकवाले 1996 पासून ईस्टनचा एक्स-10 वापरतात, अल्युमिनियमच्या नळीवर कार्बन, मधी जाड अन टोकाला बारीक. डझनाची किंमत ऐकून मी गप्प बसलो, तेवढ्यात जुनी मोटरसायकल येती. इनडोअर कंपाउंडवाले मात्र उलटं, जेवढा जाड तेवढा चांगला, रेषेला टेकला की वरचे मार्क. नियमात 9.3 मिलिमीटरपर्यंत चालतो.

अन दुकानावर येणारं प्रत्येक दुसरं माणूस विचारतं म्हणून इथंच सांगून टाकतो. भाऊ, ह्यानं रानडुक्कर, रोही, हरीण मारायचं डोक्यातून काढा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद हाय, तूर खाल्ली, कापूस तुडवला, सगळं मान्य, माझं बी शेत हाय, पण त्याची भरपाई वनखात्याकडं मागायची. धनुष्य घेऊन रानात गेलात तर आत जाल.

त्या डझनाचा हिशोब असा हाय. तीन कापून वाया गेले. एक शेताकडं मारून बघताना टार्गेटच्या वरून गेला अन काळ्या रानाच्या भेगेत सरळ आत, उन्हाळ्यात आमच्याकडच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, हा तर 30 इंचाचा एरो, नॉकसुद्धा दिसला नाही. राहिले आठ. कापूस फिरवून बघितलेले, चांगले हायत. परभणी, जिंतूर, सेलू भागात कुणाकडं 60 पाउंडाचा कंपाउंड असेल तर निम्म्या किमतीत घेऊन जा, येताना आधी तुमची ओढ किती इंच ते सांगा, मी विचारल्याशिवाय देणार नाही.