मिरगीच्या ऑपरेशनआधी एआयकडून एमआरआय तपासणी, आमचा अनुभव (४/५)
आम्ही दारव्ह्याकडचे. माझ्या पोरीले सहा वर्षांपासून फिट येतात, बहुतेक झोपेतच, उजवा हात ताठ होते, तोंड एका बाजूला ओढल्या जाते. तिची आई रात्रभर तिच्या दंडावर हात ठेवून झोपते, म्हणजे हात ताठला की लगेच जाग येते. तीन औषधं झाली, फरक नाही. एमआरआय दोनदा केला, दोन्ही वेळा रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल आहे तर फिट काहून येते, याचं उत्तर कोणी देत नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा विचार करू म्हटलं, पण मेंदूत फिट जिथून सुरू होते ती जागा सापडायला पाहिजे. त्यांनी मेल्ड ग्राफ नावाचं, एमआरआयमधले फिट आणणारे बारीक डाग शोधणारं एआय सॉफ्टवेअर वापरलं. लंडनच्या किंग्ज कॉलेज अन् यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) इथल्या लोकांनी २३ केंद्रांतल्या ११८५ जणांचे स्कॅन घेऊन ते बनवलं, रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून सुटलेल्या डागांपैकी ६४ टक्के त्यानं पकडले असं २०२५ मध्ये छापून आलं. हे संशोधनासाठीच आहे, एकट्या त्याच्या भरवशावर ऑपरेशन ठरत नाही, हे सरांनी सहीच्या आधीच सांगितलं, ते मला पटलं.

आता मुख्य गोष्ट, पिशवीत जपून ठेवलेल्या फिल्मा काहीच कामाच्या नव्हत्या, सॉफ्टवेअरले सीडीवरचा डेटा लागते. आधीच्या सेंटरनं आम्हाले सीडी दिलीच नाही, मागितली तर म्हणे डेटा आता नाही. पुन्हा ३ टेस्लाच्या (ताकदवान चुंबकाच्या) मशीनवर स्कॅन, पुन्हा पैसे, पुन्हा पहाटेची एसटी.

स्क्रीनवर दोन लाल ठिपके आले. सरांनी खुर्ची ओढून आम्हाले जवळ बसवलं अन् मेंदूच्या डाव्या बाजूची एक घडी मोठी करून दाखवली, तिथं मेंदूचा वरचा थर जाडसर अन् करड्या-पांढऱ्या भागामधली रेघ पुसट. जन्माआधीच तिथली घडण बिघडली असते म्हणाले, म्हणजे माझ्या बायकोचं किंवा ग्रहणाचं काही नाही, हे ऐकून ती तिथंच रडली. दुसरा ठिपका त्यांनी चुकीचा ठरवला. मग व्हिडिओ ईईजी झाला, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मेंदूच्या विजेच्या लहरींची नोंद, पाच दिवस डोक्याले तारा, फिट त्याच डाव्या बाजूनं सुरू होताना दिसली.

एक स्टार कापला तो फक्त थांबण्यासाठी, निकाल सांगायला तीन आठवडे लागले अन् फोन कोणी उचलत नव्हतं. बाकी माणसं चांगली. एमआरआय कुठंही करा, सीडी हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पोरीच्या ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.